दहावी-बारावीचे गुण प्रवेशाला नेमके कुठे लागतात? अर्ज भरण्याआधी करायचा हिशेब

प्रवेशाच्या वेळी गुण तीन वेगवेगळी कामं करतात. आपल्याला हव्या असलेल्या कोर्सला त्यातलं कुठलं काम चालतं हे माहीत नसल्यामुळे दरवर्षी चांगल्या मुलांचं नुकसान होतं. मी सांगलीत एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. मे ते ऑगस्टमध्ये आमच्या प्रवेश मार्गदर्शन कक्षात बसते. तिथे सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा असतो: "मॅडम, इंजिनिअरिंगला किती टक्के लागतात?" या प्रश्नाचं एका आकड्यात उत्तर नाही. म्हणून मी समोर कोरा कागद ठेवते आणि हिशेब मांडायला लावते. तोच हिशेब इथे देते आहे.

पहिलं काम पात्रतेचं. अमुक इतके गुण नसतील तर तुमचा अर्जच धरला जात नाही, मग प्रवेश परीक्षेत तुम्ही कितीही वर असा. दुसरं काम क्रम लावण्याचं. गुणवत्ता यादी थेट बारावीच्या किंवा दहावीच्या गुणांवर लागते आणि तिथे अर्धा टक्कासुद्धा मोलाचा असतो. तिसरं काम बरोबरी सोडवण्याचं. दोन मुलांचे प्रवेश परीक्षेतले गुण सारखे आले की बोर्डाचे गुण बघून कोण वर हे ठरतं. कोर्स ठरला की सगळ्यात आधी शोधायचं ते हे की तिथे माझे गुण या तीनपैकी कुठलं काम करणार आहेत. उत्तर त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत असतं. शेजारच्या मुलाला तीन वर्षांपूर्वी काय लागलं होतं, त्यावर जाऊ नका.

आता कागद घ्या आणि हे आकडे लिहा. दहावीचे सर्वोत्तम पाच विषयांचे गुण, ५०० पैकी. बारावीचे एकूण, ६०० पैकी. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स यांची बेरीज, ३०० पैकी. बायोलॉजी असेल तर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी यांची बेरीज, तीही ३०० पैकी. आणि इंग्रजीचे गुण वेगळे. घराघरांत फक्त एकूण टक्के पाठ असतात. प्रवेशात मात्र बहुतेक वेळा बाकीचे आकडे लागतात.

दहावीचं उदाहरण घेऊ. मराठी ८४, हिंदी ७८, इंग्रजी ७१, गणित ८८, विज्ञान ८२, सामाजिक शास्त्रे ९०. सहाही विषय धरले तर ६०० पैकी ४९३, म्हणजे साधारण ८२.१७ टक्के. सर्वात कमी गुणांचा विषय, इथे इंग्रजी, वगळला की ५०० पैकी ४२२, म्हणजे ८४.४० टक्के. अकरावीच्या प्रवेशाला हा दुसरा आकडा चालतो. दोन आकड्यांत सव्वादोन टक्क्यांचं अंतर आहे आणि कटऑफ, म्हणजे शेवटच्या प्रवेशाचे गुण, बघताना पालक अनेकदा पहिलाच आकडा मनात धरून निराश होतात.

अकरावी: इथे दहावीचेच गुण सर्व काही

अकरावीला प्रवेश परीक्षा नाही. क्रम दहावीच्या गुणांवरच लागतो. पूर्वी ही ऑनलाइन प्रक्रिया मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती इतक्यापुरतीच होती. २०२५-२६ पासून ती राज्यभर लागू झाली. त्यामुळे आमच्या सांगली-मिरजेकडच्या पालकांना ती नवी आहे. आधी कॉलेजात जाऊन फॉर्म आणायचा, यादी भिंतीवर लागायची. आता एकाच अर्जात दहापर्यंत पसंतीक्रम देता येतात.

इथे माझा आग्रह एकच असतो: क्रम मनापासून लावा. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांना मुकावं लागतं. म्हणून "बघू तरी लागतं का" असं म्हणून नको असलेलं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकू नका. उलट बाजूनेही तेच. आपल्याला मिळणार नाही असं वाटणारं, पण खरोखर हवं असलेलं कॉलेज वर लिहिल्याने काही नुकसान होत नाही. ते नाही मिळालं तर यंत्रणा तुमची दुसरी पसंती बघते, मग तिसरी. दहा जागांत दोन-तीन कॉलेजं स्वप्नातली, चार-पाच आपल्या गुणांच्या आसपासची आणि शेवटची दोन-तीन अशी की गेल्या वर्षीच्या कटऑफपेक्षा आपण बरेच वर आहोत. ही शेवटची दोन-तीन लिहायला मुलं फार टाळाटाळ करतात आणि पहिल्या यादीत नाव आलं नाही की घरात रडारड होते.

गेल्या वर्षीचा कटऑफ वाचताना चार गोष्टी बघा: शाखा कुठली, माध्यम कुठलं, तुकडी अनुदानित की विनाअनुदानित, आणि आकडा कुठल्या प्रवर्गाचा व कुठल्या फेरीचा. एकाच कॉलेजच्या अनुदानित आणि विनाअनुदानित विज्ञान तुकडीत मोठा फरक असू शकतो. फीमध्ये तर असतोच. त्याखेरीज इनहाउस, व्यवस्थापन आणि अल्पसंख्याक कोट्याच्या जागा वेगळ्या असतात. मुलगी ज्या संस्थेच्या शाळेत शिकली त्याच संस्थेचं त्याच आवारात कनिष्ठ महाविद्यालय असेल, तर इनहाउस कोट्याची चौकशी शाळेच्या ऑफिसात आधीच करून ठेवा.

चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा, शास्त्रीय नृत्य-गायन-वादन, लोककला, खेळातली कामगिरी यांचे सवलतीचे गुण दहावीला मिळतात. पण त्यांचे प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत बोर्डाकडे जावे लागतात. निकालानंतर प्रमाणपत्र घेऊन धावण्यात अर्थ नसतो. दहावीच्या दिवाळीतच वर्गशिक्षकांना विचारा.

इंजिनिअरिंग: क्रम सीईटीचा, पण पात्रता बारावीची

सांगलीचं वालचंद हवं, पुण्याचं सीओईपी हवं, मुंबईचं व्हीजेटीआय हवं म्हणणाऱ्या मुलांना घरी हमखास कुणीतरी सांगितलेलं असतं की बारावीच्या गुणांना आता काही किंमत नाही. हे अर्धंच खरं आहे. राज्याच्या प्रवेशात गुणवत्ता यादी एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाइलवर (त्याचा अर्थ पुढे सांगते) लागते हे बरोबर. पण पात्रतेसाठी बारावीला फिजिक्स, मॅथ्स आणि तिसरा ठरावीक विषय मिळून खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के लागतात, राज्यातल्या मागासवर्गीय उमेदवारांना ४० टक्के. म्हणजे ३०० पैकी १३५, किंवा १२०.

आमच्याकडे एक मुलगा आला होता. खुला प्रवर्ग, सीईटीला नव्वदीच्या पुढे पर्सेंटाइल. बारावीला फिजिक्स ४४, मॅथ्स ४८, केमिस्ट्री ४१. बेरीज १३३. बाकीचे विषय इंग्रजी, मराठी आणि भूगोल. दोन गुणांनी तो अपात्र ठरला. छायाप्रत मागवून पाहिली, गुण वाढले नाहीत. त्या वर्षीच्या फेऱ्यांत त्याच्या पर्सेंटाइलचा काही उपयोग झाला नाही. आता हेच गुण असलेल्या मुलीकडे भूगोलाऐवजी बायोलॉजी असतं आणि तिला त्यात ७२ असते, तर ती पात्र ठरली असती. कारण फिजिक्स आणि मॅथ्स सक्तीचे असले तरी तिसरा विषय केमिस्ट्रीच असायला हवा असं नाही. बायोलॉजी किंवा मान्य व्होकेशनल विषयही धरता येतो. ४४, ४८ आणि ७२ मिळून १६४ होतात. म्हणून अकरावीला विषय निवडतानाच हा विचार करा. कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखा २०० गुणांचा बायफोकल (व्होकेशनल) विषय घेणाऱ्यांना त्याचा इथे आधार होतो.

ज्या मुलांना सीईटी चांगली जाते, ती बोर्डाला का पडतात? माझ्या अनुभवात मुख्य कारण कॉलेजला न येणं. वर्ग क्लासला भरतात, कॉलेजात फक्त नाव असतं. मग प्रॅक्टिकलचं जर्नल अपुरं राहतं, आणि पर्याय निवडून गोल भरायची सवय लागल्यामुळे उत्तर लिहायचा हात सुटतो. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीला ७० गुणांचा लेखी पेपर आणि ३० प्रॅक्टिकल, मॅथ्सला ८० आणि २० अशी विभागणी आहे. हे ३० आणि २० गुण वर्षभराच्या कामाचे आहेत, ते परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उभे राहत नाहीत. मी मुलांना दर रविवारी एका विषयाचा एक पूर्ण प्रश्न, घड्याळ लावून, पायऱ्या लिहून सोडवायला लावते. गणितात बोर्ड पायऱ्यांना गुण देतं. उत्तर चुकलं तरी निम्म्याहून जास्त गुण हाती येऊ शकतात, पण पायऱ्या कागदावर असतील तरच.

शिवाय सीईटी आणि बोर्ड हे दोन वेगळे अभ्यास नाहीत. एमएचटी-सीईटीचा साधारण ८० टक्के भाग बारावीच्या आणि २० टक्के अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो, नकारात्मक गुण नसतात. पाठ्यपुस्तक ओळ न् ओळ वाचणाऱ्या मुलाला दोन्हीकडे फायदा होतो.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हेही इथेच सांगते. ९० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के मुलं तुमच्याइतकी किंवा तुमच्याखाली आहेत. २०० पैकी १८० गुण असा त्याचा अर्थ होत नाही. पर्सेंटाइल सारखं आलं तर आधी सीईटीतल्या विषयांचे पर्सेंटाइल बघतात आणि तिथेही बरोबरी असेल तर बोर्डाचे गुण पुढे येतात.

आयआयटी, एनआयटीची ७५ टक्क्यांची अट

जेईई ही देशपातळीवरची इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षा देणाऱ्यांसाठी आकडा वेगळा आहे. आयआयटी, एनआयटी, ट्रिपल आयटीला प्रवेश घेताना बारावीला ७५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ६५. किंवा मग आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. कोविडमुळे २०२० ते २०२२ ही अट शिथिल होती, २०२३ पासून परत आली. त्या काळात प्रवेश घेतलेले दादा-ताई "काही लागत नाही" म्हणतात ते त्यामुळे.

ही टक्केवारी फक्त पीसीएमची नाही. फिजिक्स, मॅथ्स, केमिस्ट्री, एक भाषा आणि आणखी एक विषय असे पाच विषय धरतात. फिजिक्स ७२, केमिस्ट्री ७४, मॅथ्स ७६, इंग्रजी ७०, मराठी ८६ आणि सहावा विषय याहून कमी, असं समजा. बेरीज ५०० पैकी ३७८, तुम्ही पात्र. इंग्रजीत ७० ऐवजी ६६ पडले की बेरीज ३७४ आणि ७५ टक्के हुकले. दोन वर्षं जेईईसाठी झटलेल्या मुलाचं भवितव्य इंग्रजीच्या चार गुणांवर येऊ शकतं. म्हणून माझं सगळ्या जेईईवाल्यांना सांगणं असतं की जानेवारीचं सत्र झालं की एप्रिलच्या सत्राचा विचार बाजूला ठेवून भाषांच्या पेपरांना पूर्ण वेळ द्या.

जुने सल्ले का चालत नाहीत तेही सांगते. २०१३ ते २०१६ या वर्षांत जेईई मेनच्या क्रमवारीत बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होतं, २०१७ पासून ते काढलं. दिल्ली विद्यापीठात २०२१ पर्यंत बारावीच्या गुणांवर कटऑफ लागत आणि त्या वर्षी काही कॉलेजांत तो १०० टक्क्यांवर गेला होता. २०२२ पासून तिथे सीयूईटी ही प्रवेश परीक्षा आली. आता बारावीचे गुण पात्रतेला आणि बरोबरी सोडवायलाच लागतात. बीबीए, बीसीए, बीएमएसचंही तसंच. आपल्या राज्यात २०२४-२५ पासून या कोर्सना सीईटी लागू झाली. वाणिज्य शाखेची कितीतरी मुलं बारावीचे चांगले गुण घेऊन जूनमध्ये आली, तेव्हा सीईटीची नोंदणी होऊन गेली होती. सीईटी कक्षाचं संकेतस्थळ बारावीच्या वर्षात डिसेंबरपासून दर आठवड्याला बघायची सवय लावा.

बाकीचे रस्ते, थोडक्यात

मेडिकलला क्रम फक्त नीटवर. पण फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ५० टक्के, म्हणजे ३०० पैकी १५०, राखीव प्रवर्गांना ४० टक्के, आणि इंग्रजीत उत्तीर्ण असणं आवश्यक. पाच वर्षांच्या लॉला सीईटी आहे आणि बारावीला ४५ टक्के लागतात. ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. मर्चंट नेव्हीकडे जाणाऱ्यांनी पीसीएमला ६० टक्के आणि इंग्रजीला दहावी किंवा बारावीत ५० टक्के लक्षात ठेवावेत.

बीए, बीकॉम, बीएस्सीला मात्र बहुतेक ठिकाणी अजूनही बारावीच्या गुणांवरच यादी लागते. इथे एकेक टक्का मोजला जातो. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत त्याच कॉलेजच्या बारावीच्या मुलांना आधी प्राधान्य मिळतं. त्यामुळे पदवीसाठी मुंबईतलं एखादं विशिष्ट कॉलेज मनात असेल तर अकरावीलाच तिथे प्रवेशाचा प्रयत्न करणं शहाणपणाचं.

दहावीला कमी गुण पडलेल्यांना मी पॉलिटेक्निक आवर्जून सुचवते. पदविकेला क्रम दहावीच्या गुणांवर लागतो आणि पात्रता ३५ टक्क्यांची आहे. तीन वर्षांनी पदविकेच्या गुणांवर थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, त्याला सीईटी नाही. दहावीला गणितात अडखळलेली पण हाताने काम करण्यात हुशार असलेली मुलं या वाटेने फार छान पुढे गेलेली मी पाहिली आहेत.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत पदवीसाठी जायचं असेल तर गणित पूर्ण बदलतं. तिथली विद्यापीठं नववी ते बारावी अशा चारही वर्षांचे गुण मागतात आणि मुलगा वर्षागणिक चढला की घसरला हेही बघतात. आपल्याकडे नववीचं आणि अकरावीचं प्रगतिपुस्तक कुणी जपून ठेवत नाही, आणि अकरावी तर विश्रांतीचं वर्ष समजतात. अशी इच्छा असेल तर शाळेकडून सही-शिक्क्यासह प्रती आधीच घ्या, आणि टक्क्यांचं जीपीएमध्ये रूपांतर स्वतःच्या मनाने करू नका. गुणपत्रिकेवर जसे आहेत तसे लिहा.

गुण आणि फी

याकडे पालकांचं लक्ष कमी असतं. सरकारी फी सवलतींसाठी प्रवेश केंद्रीभूत, म्हणजे सरकारच्या सामाईक, फेरीतून झालेला असावा लागतो. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शंभर टक्के शिक्षण शुल्क माफीचा निर्णय जुलै २०२४ मध्ये झाला, त्यालाही हेच लागू आहे. तोच कोर्स व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर हा लाभ नाही. म्हणजे पर्सेंटाइल थोडं वाढलं तर घरचे लाखभर रुपये वाचू शकतात. मूलभूत विज्ञानात बीएस्सी करणाऱ्या, बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेल्या मुलांना इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपये आहे. बोर्डाच्या ८० पर्सेंटाइलच्या वर असलेल्या आणि साडेचार लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना केंद्राची शिष्यवृत्ती पदवीच्या वर्षांत दरसाल १२,००० रुपये मिळते. आमच्या भागात कितीतरी पात्र मुलं अर्जच करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

निकाल मनासारखा लागला नाही तर

पहिल्या दोन दिवसांत वर लिहिलेले पाच आकडे मांडा आणि कुठे किती कमी पडतात ते बघा. एखाद्या विषयात अपेक्षेपेक्षा बरेच कमी गुण असतील तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. ती हातात आल्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येत नाही, आणि छायाप्रत मिळाल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत तो करावा लागतो. छायाप्रत विषय शिक्षकांना दाखवा, घरी बसून अंदाज बांधू नका. मी स्वतः अशा प्रती तपासून देते आणि वाढ होण्यासारखं काही नसेल तर तसं स्पष्ट सांगते, म्हणजे पालकांचे पैसे वाचतात.

नापास विषयासाठी जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. पास होऊन गुण कमी असलेल्यांसाठी पुन्हा परीक्षा देऊन गुण वाढवायची श्रेणीसुधार योजना आहे. वर सांगितलेल्या १३३ गुणांच्या मुलाने तोच मार्ग घेतला आणि पुढच्या वर्षी सीईटीही पुन्हा दिली. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीला प्रवेश मिळतो, घरी बसवून ठेवू नका.

आणि निकालाची वाट बघत असतानाच कागद तयार करा: डोमिसाइल, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, चालू मुदतीचं नॉन क्रीमीलेअर, ईडब्ल्यूएस किंवा उत्पन्नाचा दाखला. यातला आपल्या प्रवर्गासाठी लागणारा एक कागद नसला की अर्ज खुल्या प्रवर्गात जातो, आणि ४० टक्क्यांवर पात्र ठरणाऱ्या मुलाला अचानक ४५ टक्के लागतात. तहसील कार्यालयात जूनमध्ये गर्दी उसळते. फेब्रुवारीत, मुलं बोर्डाच्या परीक्षेला बसलेली असतानाच, आई-वडिलांपैकी एकाने सेतू केंद्रात जाऊन अर्ज टाकावा.